उसनी धास्ती

रेवा काळेच्या पोटात पहिला खरा गोळा आला, तो एका निवृत्त तलाठ्याच्या चिठ्ठीवर.

भाऊसाहेब कॉलेजच्या दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीशी उभे होते. संधिवाताने बोटं वाकडी झालेली, चेहऱ्यावर जगाविषयी एकूणच नाराजी. चिठ्ठी छापील होती, खाली डॉक्टरांची सही होती आणि गोळ्या मागच्या फळीवर होत्या. म्हणजे काम दोन मिनिटांचं होतं. रेवाने गोळ्यांची पट्टी उचलली, पण हात पाकिटापर्यंत पोचलाच नाही. बेंबीच्या वर काहीतरी आवळलं आणि तळव्यांना घाम सुटला. हे सगळं होऊन गेल्यावर मग तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. मेथोट्रेक्सेट, रोज एक. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच देतात. रोज घेतली तर माणूस हाती लागत नाही. डॉक्टरांच्या संगणकाने आठवड्याच्या जागी रोज छापलं होतं आणि डॉक्टरांनी न बघता सही ठोकली होती.

"भाऊसाहेब, जरा बसा हं, एक फोन करते," रेवा म्हणाली.

हल्लीच्या मेडिकलवाल्या पोरी फार शहाण्या झाल्यात, असं पुटपुटत भाऊसाहेब बाकावर बसले आणि तासाभराने धडधाकट घरी गेले. रेवा मात्र बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिला अजून काही कळलंही नव्हतं, तेव्हा तो थांबला होता. ती भीती तिची नव्हतीच. ती हर्डीकर मॅडमची होती.

याचं विज्ञान तसं सोपं आहे. कामात मुरलेल्या माणसाला चूक आधी अंगाला कळते, मग डोक्याला. डोळ्यांनी काही विपरीत टिपलं की पापणी लवायच्या आत मेंदूत एक ठिणगी पडते आणि तिचा निरोप काळजाला, पोटाला, तळव्यांना जातो. आपण म्हणतो, काही तरी चुकतंय बुवा, मन घेत नाही. नवशिक्याला असं होत नाही, कारण काय विपरीत आहे हे अंगाला कळायला अर्धं आयुष्य दुकानात उभं राहावं लागतं. फार्मसीच्या पोरांना नीतिशास्त्राचे तास होते, शपथ होती, पांढरा कोट होता. परीक्षेत व्यावसायिक जबाबदारीवरचा प्रश्न सगळे घोकून सोडवत आणि खिडकीवर उभे राहिले की एक डोळा मोबाइलवर ठेवून पट्ट्या सरकवत.

म्हणून 'सावली' उपक्रम निघाला. एखाद्या नाणावलेल्या फार्मासिस्टने दोन वर्षं चष्म्यात कॅमेरा आणि अंगावर संवेदक लावून आपलं रोजचं काम करायचं. तिने काय पाहिलं, पाहताना तिचं अंग कुठे दचकलं, हात कुठे वळला, हे यंत्र शिकत जायचं. मग विद्यार्थ्याच्या कानापाशी एक टिकली चिकटवायची आणि मनगटात एक कडं घालायचं. पोटापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची फांदी कानापाशी कातडीच्या अगदी जवळ येते. टिकली तिला हलकेच छेडते. मार्गदर्शक जिथे दचकली असती, तिथे विद्यार्थी दचकतो. तिचा हात जिकडे वळला असता, तिकडे कडं त्याच्या हाताला वळवतं. सुरुवातीला टिकली काढली की दचकणंही जातं. पण वर्षभरात शरीर ते आपलंच म्हणून धरून बसतं, आणि मग टिकली काढली तरी काही फरक पडत नाही. उपक्रमातले लोक याला 'मुरणं' म्हणत. लोणच्याला म्हणतात तसंच.

बार्शीच्या कॉलेजातल्या रेवाच्या तुकडीला सावली मिळाली ती हर्डीकर मॅडमची, आणि सगळ्यांनी स्वतःला भाग्यवान समजलं. शुभदा हर्डीकर म्हणजे एसटी स्टँडजवळ तीस वर्षं मेडिकल चालवलेली बाई. तिच्या हातून चुकीचं औषध गेल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. निरक्षर गिऱ्हाइकाला पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यायची. पट्टी कापायची तर मुदतीची तारीख गिऱ्हाइकाकडे जाईल अशीच कापायची. रेवाच्या बाबतीत तर मॅडमनी त्याहून जास्त केलं होतं. पारधी वस्तीवरची ही मुलगी दहावीत विज्ञानात पहिली आली, तेव्हा मॅडम स्वतः वस्तीवर गेल्या, तिच्या आईला भेटल्या आणि जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालून तिला फार्मसीत आणलं. रेवाच्या लेखी देवानंतर मॅडम होत्या, आणि देवाचा तिला तसा फारसा अनुभव नव्हता.

दसऱ्याला वर्ष पुरं होणार होतं. मग प्रमाणपत्र, आणि त्या प्रमाणपत्रावर मोठ्या इस्पितळात नोकरी.

गणपती उठले त्या आठवड्यात तिची आई सुमल कॉलेजच्या दवाखान्यात आली.

"रेवे, बीपीच्या गोळ्या संपल्यात," खिडकीतून वाकून ती म्हणाली. "म्हटलं, आज लेकीच्या हातनं घ्याव्या."

रेवा हसणार होती. पण हसू यायच्या आत पोटात गोळा आला, तलाठ्याच्या वेळी आला तसाच, उलट जास्त घट्ट. तिने चटकन गोळ्या तपासल्या. नाव बरोबर, ताकद बरोबर, मुदत पुढच्या सालची. चिठ्ठी पुन्हा वाचली. सगळं बरोबर होतं आणि गोळा सुटत नव्हता. "जरा बस हं, बघते," ती आईला म्हणाली. तो सूर तिचा तिलाच अनोळखी वाटला. आणि मग तिचा डावा हात खाली गेला आणि खिडकीखालचा खण त्याने हळूच आत लोटला. खट् असा बारीक आवाज झाला.

त्या खणात एक कात्री होती आणि रबरबँड होते. बाकी काही नव्हतं.

सुमलने ते पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. गोळ्या घेतल्या, "येते गं," म्हणाली आणि गेली. ती फाटकाबाहेर पडली तेव्हा कुठे रेवाच्या पोटातला गोळा सुटला. तो गोळ्यांसाठी आला नव्हता, हे रेवाला तेव्हाच कळलं. तरी तिने दिवसभर ते स्वतःला कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती शेजारच्या खिडकीवर नजर ठेवू लागली. तिथे तेजस वाघचौरे बसायचा. तेजस म्हणजे आपला डबा दुसऱ्याला देऊन स्वतः उपाशी राहणारा मुलगा. वस्तीवरचा एक बाप तापाने फणफणलेली पोरगी कडेवर घेऊन आला. तेजसचा डावा हात खाली गेला आणि खट् आवाज झाला. "जरा बसा हं," तो गोड आवाजात म्हणाला आणि तापाच्या साध्या औषधाची बाटली उलटसुलट करून बघत राहिला. बाप बाकावर बसला. त्याच्यामागून आलेली तीन माणसं औषध घेऊन गेली.

"तू खण का लावलास?" रेवाने नंतर विचारलं.

"कसला खण?" तेजस म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

तुकडीतली मुलं दुपारी गावातल्या निरनिराळ्या मेडिकलांत सरावाला जात. आईचा फोन आला तेव्हा, दुकानांत तुम्हाला बसवून ठेवतात का, असं रेवाने सहज विचारल्यासारखं विचारलं. सुमल म्हणाली, "हो गं, आता सगळीकडंच बसवून ठेवत्यात आपल्या लोकांना. पूर्वी एखादंच दुकान तसं होतं. आता पोरं बी सगळी एकावानी बघत्यात." मग तिने विषय बदलला आणि चुलतबहिणीच्या साखरपुड्याला येतेस ना, असं विचारलं.

रेवा रविवारी वस्तीवर गेली. टिकली आणि कडं वसतिगृहाच्या कपाटात ठेवून गेली होती, त्यामुळे ती निर्धास्त होती. आईने पुढ्यात भाकरी ठेवली आणि तिच्या शेजारी बसली. गोळा आला. टिकली नव्हती, कडं नव्हतं, तरी आला. मावशी आली, मामा आला, ज्यांच्या अंगाखांद्यावर ती खेळली होती ती सगळी माणसं एकेक करून जवळ आली आणि प्रत्येकाबरोबर तिच्या पोटातली मूठ आणखी आवळत गेली. तिला घास गिळेना. आई म्हणाली, "कॉलेजात जेवण चांगलं मिळतंय वाटतं." सगळे हसले आणि रेवाही हसली.

दुपारी आईचं हिरवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन ती साखर आणायला पेठेत गेली. एका बंद मेडिकलच्या काचेच्या दारात एक बाई समोरून येताना दिसली. रेवाच्या पोटात गोळा आला, डावा हात कमरेपाशी पुढे सरकला आणि हवेत काहीतरी लोटून बंद करून परत आला. मग काचेतली बाईही थांबली. तिचाही हात तसाच पुढे होऊन परत गेला होता. ती रेवाच होती. साखर न घेताच ती परत फिरली आणि वाटेत एकाही काचेकडे तिने बघितलं नाही.

उपक्रमाचे तंत्रज्ञ पोंक्षे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"तेवढं काढता येईल का?" रेवाने विचारलं.

"सगळं काढता येईल. तेवढंच नाही," पोंक्षे म्हणाले. "भीती एकच असते हो. चुकीच्या औषधाची वेगळी, माणसाची वेगळी, असे कप्पे शरीर ठेवत नाही. यंत्राला फक्त एवढं कळलं की इथे ही बाई दचकते. का दचकते, ते यंत्र विचारत नाही. आपणही विचारलं नाही, हे खरंय."

उतारा म्हणून एक प्रकार होता. तीच टिकली उलटी चालवायची. तीन आठवड्यांत मॅडमची सगळी धास्ती निघून जायची, तलाठ्याच्या चिठ्ठीवरची आणि सुमलवरचीही. पण तो मुरायच्या आत, म्हणजे दसऱ्याच्या आत सुरू करावा लागे. उतारा घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळत नसे. आणि एकदा मुरलं की मग उतारा नव्हता.

"एक विचारू?" पोंक्षे म्हणाले. "या वर्षात तुमच्या खिडकीवर किती जण वाचले?"

रेवाला भाऊसाहेब आठवले. एक गरोदर बाई आठवली. एका लहान मुलाच्या बाटलीवरची दसपट मात्रा आठवली. ती उठून थेट बाहेर पडली.

मॅडमना सांगितल्याशिवाय काही ठरवायचं नाही, एवढं तिचं पक्कं होतं. दुपारी दुकानात गर्दी नसते त्या वेळी ती गेली आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. मॅडम आधी हसल्या. मग हसू गेलं आणि चेहरा लाल झाला.

"मी? अगं रेवा, मी तुमच्या वस्तीवर जेवलेय."

"हो मॅडम."

"कधी एका शब्दाने..."

"कधीच नाही मॅडम."

तहसीलचे खेटे मॅडमनी बोलून दाखवले नाहीत. पण ते दोघींनाही आठवले. "यंत्राचा घोटाळा असेल," मॅडम शेवटी म्हणाल्या.

रेवाने वाद घातला नाही. तिने आईला बोलावून ठेवलं होतं. सुमल पायरी चढून आत आली तशा मॅडम चटकन उठल्या. चेहऱ्यावर जे हसू आलं ते खरंच होतं, त्यात काही बनावट नव्हती. "या सुमलबाई, बऱ्या आहात ना? पायाची सूज उतरली का?" असं त्या विचारत होत्या. आणि विचारता विचारताच त्यांचा डावा हात खाली गेला. खट् आवाज झाला.

मॅडमनी खाली पाहिलं. हात गल्ल्याच्या खणाच्या मुठीवरच होता. तो दुसऱ्याच कुणाचा असावा तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. काढून घ्यायचंही त्यांना सुचेना.

"बाई, त्यात काय एवढं," सुमल म्हणाली. "मला तर वाटायचं, औषध देताना खण लावायचाच असतो. तशी रीतच असंल. परवा रेवानं लावला, तवा वस्तीवर सांगितलं मी, पोरगी शिकली म्हणून."

रेवाने आईकडे पाहिलं. गावात कुणाची साखळी हरवली की पहिला फौजदार वस्तीवर येतो, हे बघत जी बाई म्हातारी होत आली, तिला लावलेल्या खणाचा अर्थ कुणी शिकवायची गरज नव्हती. आये धडधडीत खोटं बोलत होती. समोरच्या दोन शिकलेल्या बायांना शरमेने जमिनीत जायला लागू नये म्हणून बोलत होती. रेवाला इतकं भरून आलं की तिला तिथे उभं राहवेना.

मॅडम बाहेर येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसल्या. "मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नव्हतं गं."

रेवाचा त्यावर पूर्ण विश्वास बसला, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

बाहेर रस्त्यावर रेवाने तिला टिकलीचं आणि उताऱ्याचं सांगितलं, तेव्हा सुमल म्हणाली, "ठेव ते तुझं टिकलीचं. त्या तलाठ्याचा जीव वाचला न्हाय का? नोकरी लागंल. मी आपली दुसऱ्या खिडकीला जात जाईन."

"दुसऱ्या खिडकीवर पण तेच आहे, आये. आणि मी घरी आल्यावर काय करायचं? मला तुझ्याशेजारी बसून जेवता येत नाही."

"बसू नको जवळ," सुमल म्हणाली. "लांबनं बोलू. मला सवय हाय."

"मला नाही," रेवा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पोंक्ष्यांकडे जाऊन तिने उताऱ्याला नाव दिलं.

उताऱ्याचे दिवस विचित्र गेले. भीती ओसरता ओसरता तळाशी गेली आणि मधले काही दिवस तिला कशाचीच भीती वाटेना. रस्ता ओलांडताना ट्रकने कर्कश हॉर्न दिला तर ती थांबून शांतपणे ट्रकच्या नंबराची पाटी वाचत राहिली. तेजसने हाताला धरून ओढलं म्हणून वाचली. मग हळूहळू तिची स्वतःची, जुनी, साधी भीती परत आली. पालीची, परीक्षेची, आईच्या तब्येतीची. ती आली तेव्हा रेवाला घरचं कुणी आल्यासारखं वाटलं.

तिने तुकडीतल्या सगळ्यांना सांगितलं होतं. कुणी हळहळलं, कुणी मान खाली घातली. उतारा कुणीच घेतला नाही. त्यांची आई वस्तीवरून येत नव्हती आणि प्रमाणपत्र तर सगळ्यांनाच हवं होतं. दसऱ्याला त्यांचं मुरलं. माझी सावली मागे घ्या, असं मॅडमनी उपक्रमाला कळवलं, तर ती आता उपक्रमाची मालमत्ता आहे असं विनम्र उत्तर आलं. निकाल उत्तम होते. चुकीच्या औषधांचं प्रमाण कधी नव्हे इतकं घटलं होतं. पुढच्या वर्षी मॅडमची सावली आणखी चार जिल्ह्यांत जाणार होती.

मोठ्या इस्पितळाने रेवाला घेतलं नाही. मॅडमनी घेतलं. त्यांनी सुतार बोलावून दुकानातला खण मुळासकट काढून टाकला होता. तरी वस्तीवरचं कुणी आलं की त्यांचा डावा हात त्या रिकाम्या जागेपर्यंत जायचा, हवेत थबकायचा आणि मग त्या तो उजव्या हाताने धरून ठेवायच्या. रेवा तिकडे बघत नसे. तिला तिचंच काम पुरून उरत होतं. आता पोटातून कुणी सांगत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक चिठ्ठी ओळीवर बोट ठेवून वाचायची, पुन्हा वाचायची, शंका आली की पुस्तक काढायची, डॉक्टरांना फोन लावायची. गिऱ्हाइकं कुरकुरायची. ती कुरकुरू द्यायची.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी सुमल गोळ्या न्यायला आली. रस्त्यापलीकडे ती दिसली, तेव्हाच रेवाने जीव मुठीत धरून आपल्या पोटाचा कानोसा घेतला. तिथे काहीच नव्हतं. हिरवं लुगडं नेसलेली एक बाई दोन्हीकडे बघत रस्ता ओलांडत होती आणि ती तिची आई होती, बस. रेवाला एवढा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

सुमल पायरी चढून आली. हातातली पिशवी तिने खाली ठेवली आणि दोन्ही हात वर घेऊन समोरच्या काउंटरच्या काचेवर ठेवले, पंजे उघडे, बोटं फाकलेली. मग ती लेकीकडे बघून हसली.

रेवाने ते हात आजवर कितीदा पाहिले असतील, पण आज पहिल्यांदा तिला ते दिसले. लहानपणी कुठल्याही दुकानात शिरताना आये वाकून तिच्या कानात सांगायची, हात वर ठेव, दिसू देत. ती ठेवायची. सगळीच माणसं दुकानात तशीच उभी राहतात, अशी तिची कित्येक वर्षं समजूत होती. आयेला कुणी टिकली लावली नव्हती, कडं घातलं नव्हतं. हे नुसतंच मुरलं होतं आणि याला पोंक्ष्यांकडे उतारा नव्हता.

"आये, हात खाली घे की," रेवा म्हणाली. "मीच आहे."

"हां, तूच हायेस," सुमल म्हणाली. पण हात तसेच राहिले.

रेवाने ओळीवर बोट ठेवून चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. गोळ्यांची मुदत पाहिली, पट्टी पाकिटात घातली, सकाळी एक घ्यायची म्हणून सांगितलं आणि पाकीट पुढे केलं. सुमलने ते घेण्यापुरता उजवा हात उचलला. डावा काचेवरच होता.